मामीची भरलेली गल्ली

माझी थोरली बहीण मला विचारते, "मरायला तुला घर पुरत नाही का?" मी बॅग भरायला घेतली की दर वेळी ती हे विचारते आणि मग स्वतःच बॅगेत जुलाबाच्या गोळ्या टाकते. तिचं चुकत नाही. जिथून लोक जीव मुठीत धरून पळतात तिथे मी तिकीट काढून जाते आणि परत आले की त्यावर विनोदी लिहिते. संचारबंदीत केस कुठे कापून घ्यावेत, तळघरात लपलेलं असताना शेजारचा घोरायला लागला तर काय करावं, असलं काहीबाही. रविवारच्या पुरवणीत ते छापून येतं आणि लोक चहाबरोबर वाचतात. मी फार शूर आहे अशी वाचकांची समजूत आहे. खरं तर मी पहिल्या नंबरची भित्री आहे. भित्र्या माणसाला सगळं बारीक दिसतं, तेवढाच धंद्यात उपयोग.

त्या गावाला मी गेले ती मनोऱ्यासाठी. गावातून लढाई गेली होती आणि जाताना गावाचे दोन तुकडे करून गेली होती. एक अलीकडची तार, एक पलीकडची तार, आणि मधल्या पट्ट्यात पेरलेले सुरुंग. गोळीबार थांबला होता, भांडण मिटलं नव्हतं. म्हणून तिऱ्हाईत देशांचे शिपाई आणून मधे बसवले होते. त्यांना सगळे देखरेखवाले म्हणत. त्यांनी पट्ट्यावर नजर ठेवायला मनोरा बांधला, आणि वरून सगळं दिसतं म्हटल्यावर बघे यायला लागले. बघे आले तशी खाली चहाची टपरी आली आणि टपरीशेजारी मनोऱ्याचं चित्र छापलेले बनियन विकणारा आला. वर "फोटो काढू नये" अशी पाटी होती आणि त्या पाटीबरोबर फोटो काढायला रांग होती. नाणं टाकलं की उघडणारी एक दुर्बीणही होती, नेमकं काही दिसायला लागलं की ती मिटायची.

मी ठरवलेल्या गाडीवाल्याला सगळे बिनधास्त म्हणत, कारण दर वाक्याला तो "बिनधास्त बसा" म्हणायचा. पन्नाशीचा, गुडघ्याने अधू माणूस. प्रत्यक्षात रस्त्यात कागदाचा बोळा दिसला तरी तो गाडी लांब उभी करून त्याच्याकडे बघत बसायचा. आमचं लगेच जमलं.

दुर्बिणीतून मला ती गल्ली दिसली. अलीकडच्या तारेला अगदी खेटून, दोन्ही बाजूंना दुमजली घरं, आणि घराघरांवर दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे. शर्ट, चादरी, पोरांच्या चड्ड्या, बाळाची दुपटी. पट्ट्याच्या पलीकडे तशीच एक गल्ली होती आणि तिथेही कपडे होते. आजूबाजूचं सगळं सपाट केलेलं.

"अजून राहतात वाटतं लोक!" माझ्या मागचा एक बघ्या म्हणाला.

"राहतात ना! भरलेली गल्ली आहे," बिनधास्त म्हणाला. जवळ उभ्या असलेल्या देखरेखवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

मी आणखी एक नाणं टाकलं. मग आणखी एक. कपडे वाऱ्यावर हलत होते, दारांत चपला होत्या, खिडक्यांना पडदे होते. एक दार उघडं होतं, ते वाऱ्याने थोडं मिटलं आणि परत उघडलं. माणूस मात्र एकही दिसला नाही. भर दुपार, इतकी घरं, इतके ओले कपडे आणि हाक मारायला कुणी नाही. मी डोळा काढून घेतला.

खाली गाडीत बसल्यावर मी बिनधास्तला हे म्हणाले. तो चिडला. "तुमच्यासारख्या माणसांना नको तिथे डोळे असतात," म्हणाला. मग बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला, आणि एकदम वळून त्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला खोकता येतं का?"

तर भानगड अशी होती. तह करताना दोन्ही बाजूंनी एक कलम मान्य केलं होतं की तारेलगतच्या ज्या गल्लीत कुणी राहत नाही ती पाडून मोकळी करायची. मनोऱ्यावरून रोज नजर असायची, आणि वर्षातून एकदोनदा देखरेखवाल्यांचा एक साहेब चालत येऊन गल्लीत फेरी मारायचा. शेजारच्या गल्ल्या अशाच गेल्या होत्या. ही एकच उभी होती, आणि तीत फक्त एक बाई राहत होती. बिनधास्तची मामी. लढाईच्या सकाळी सगळे पळाले, तेव्हा जाता जाता ज्याने त्याने आपल्या घराची चावी मामीच्या हातात दिली आणि म्हटलं, दोन दिवसांत येतो, तेवढं लक्ष ठेवा. तेव्हापासून ती लक्ष ठेवून होती. सगळ्या घरांतले कपडे तीच धुवून वाळत घालत होती, म्हणजे वरून बघणाऱ्याला गल्ली भरलेली वाटावी.

"पण परवा साहेब येतोय," बिनधास्त म्हणाला, "आणि हा नवीन आहे. जुना आळशी होता, तोंडाशीच उभा राहून परत जायचा. हा म्हणे आत येणार. मामी एकटी किती घरांत दिसेल?"

नातेवाईक म्हणून आठवड्यातून एकदा शिधा घेऊन जायची, एकदोन रात्री मुक्काम करायची त्याला परवानगी होती. मला त्याने मामीची भाची केलं. चौकीवरच्या शिपायाने बटाट्यांची पिशवी माझ्यापेक्षा जास्त वेळ तपासली.

आम्ही गल्लीत शिरलो. आमच्या पावलांचाच आवाज. दोन्हीकडच्या दारांत चपला अशा काढून ठेवलेल्या की आत्ताच कुणी आत गेलंय. एका उंबऱ्यावर चहाचा उष्टा कप. एका ओट्यावर अर्धी सोललेली लसूण. तीनचाकी सायकल भिंतीला तिरकी लावलेली. कुठेतरी रेडिओ बारीक आवाजात चालू होता. मी ज्या घरासमोरून जायची त्या घराचा पडदा हलतोय असं वाटायचं आणि बघितलं की तो वाऱ्यानेच हलत असायचा. आणि मग मधल्या एका घराच्या वरच्या खिडकीतून भांडण ऐकू आलं.

"घरात पाय ठेवला की तुझं सुरू!" पुरुषाचा घोगरा आवाज.

"पाय ठेवताच कशाला मग? ठेवा बाहेरच!" बाईचा आवाज.

"हळू बोल, लोक ऐकतील."

"ऐकू देत! सगळ्या गल्लीला ठाऊक आहेत तुमचे गुण!"

मी बिनधास्तचा दंड धरला. म्हणजे कुणीतरी होतं! पुरुष काहीतरी पुटपुटला, दार आपटलं, जिन्यावर पावलं वाजली आणि दारातून एक बारकी, ताठ म्हातारी बाहेर आली. कमरेला चाव्यांचा जुडगा, खांद्यावर ओली चादर, तोंडात दोन चिमटे. तिच्यामागे कुणीच आलं नाही.

चिमटे काढून ती म्हणाली, "हे दोघं दर दोन दिवसांनी भांडायचे. मी त्यात खंड पडू दिलेला नाही. पण नवऱ्याची बाजू मला नीट जमत नाही बाई. हरतो तो दर वेळी."

ही मामी. लढाईच्या आधी ती घरी शिवणकाम करायची. नवे कपडे शिवणं कमी, जुने मोठे करून देणं जास्त. पोरं वाढतात, कपडे वाढत नाहीत, त्यावर तिचं घर चालायचं. मामा लढाईच्या आधीच साध्या तापाने गेले होते. "नशीबवान," मामी म्हणायची, "स्वतःच्या आजाराने गेले." पोरंबाळं नव्हती. गल्ली पळाली तेव्हा तिच्या मशीनवर शेजारणीच्या पोरीचा फ्रॉक अर्धा शिवून पडला होता. "अर्धा टाकून कुठे जाऊ?" एवढंच कारण तिने मला सांगितलं. मी खोदून विचारलं तेव्हा वैतागली. "चाव्या घेतल्यात मी. उद्या माणसं येऊन म्हणाली, आमचं घर कुठंय, तर काय मोकळं रान दाखवू?"

चहा पिताना तिने मला गल्लीची हालहवाल सांगितली, आणि ती ऐकताना माझ्या हातातला कप गार झाला. कारण मामीने गल्ली नुसती उभी ठेवली नव्हती, चालू ठेवली होती. तिसऱ्या घरातल्या सुनेला दिवस गेले होते, आता बाळ झालं होतं, म्हणून दोरीवर दुपटी. कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा मागच्या थंडीत गेले, म्हणून त्यांचे लेंगे बंद, आणि त्या घरात तेरा दिवस रेडिओ लागला नव्हता.

"खरंच गेले?" मी विचारलं.

"वय झालं होतं," मामी म्हणाली.

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? दम्याचा माणूस, इतकी थंडी. किती दिवस काढणार?"

आणि पोरं वाढत होती. शेजारणीची पोर पळाली तेव्हा गुडघ्याएवढी होती, आता मामीच्या हिशेबाने ती खांद्याला लागत असणार. म्हणून मामी दर वर्षी तिचे फ्रॉक उसवून लांब करायची, नव्या पट्ट्या जोडायची. चौथ्या घरातल्या मुलाचे शर्ट तिने त्याच्या बापाच्या शर्टांतून कापले होते. "वरून बघणाऱ्याला शंका नको यायला," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं तेवढीच चड्डी वाळत असेल तर कुणी काय म्हणेल?" हे बोलताना तिने एक छोटा शर्ट हातावर पसरून त्याची बाही ओढून पाहिली, जशी आई पोराची बाही ओढून बघते. मला रडू येईल की मी ओरडत बाहेर पळेन, ते कळेना. मी आणखी एक बिस्कीट घेतलं.

मग कामाला जुंपलं. मला बादली देऊन तिने समोरच्या घरावर पाठवलं. मी आपली घरी घालते तसे शर्ट खांद्यांना चिमटे लावून घातले. मामी खालून किंचाळली.

"अगं, खांद्याला काय लावतेस! खुणा पडतात! शर्ट नेहमी खालच्या कडेला चिमटा लावून उलटा टांगावा. तू पण तिच्यातलीच का?"

"कुणाच्यातली?"

तिने पट्ट्यापलीकडे हनुवटी उडवली. पलीकडच्या गल्लीतले सगळे शर्ट खांद्यांवर टांगलेले होते, बाह्या खाली लोंबत. एखादी रांग आपल्याकडे तोंड करून उभी असावी तसे ते दिसत होते.

"सगळ्या घरांवर एकाच पद्धतीने," मामी म्हणाली. "म्हणजे तिकडेही एकच बाई आहे. कधी दिसत नाही, पण कपडे रोज बदलते. अक्कल नाही तिला, पण चिकाटी आहे. ढग आला की दोघी मिळून आत घेतो. आधी मी, मग ती. माझं बघून घेते मेली." हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली आणि बराच वेळ तिकडे बघत राहिली.

साहेब आला ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. घरांच्या मागच्या अंगणांतल्या भिंती लढाईत पडल्या होत्या, त्यामुळे मागून मागून एका घरातून दुसऱ्यात पळता यायचं. मामी दारांत, बिनधास्त आणि मी बाकीच्या घरांत. दुसऱ्या घरात मी डोक्याला फडकं बांधून भांडी आपटली. पाचव्यात चष्मा लावून खिडकीतून पाणी फेकलं. बिनधास्त एका दारात बनियनवर उभा राहून तोंडाला साबण फासून दाढी करत होता, आणि चार घरं पुढे डोक्याला पट्टी बांधून आजारी पडला होता. गुडघा धरून पळताना त्याच्या तोंडावरचा साबण माझ्या खांद्याला लागला. एका दुपारी मी तीन घरांची सून झाले. आयुष्यात एकाही घराची होणं जमलं नव्हतं.

सहाव्या घरात मी धापा टाकत शिरले आणि ठरल्याप्रमाणे खोकायला लागले. मी थांबले तेव्हा डोक्यावर, वरच्या मजल्यावर, कुणीतरी चाललं. हळू. थांबून थांबून. वर कुणाला ठेवलेलं नव्हतं. बिनधास्त मला समोरच्या घरात दिसत होता, मामी बाहेर साहेबाशी बोलत होती. पावलं जिन्याकडे आली. पहिली पायरी वाजली, दुसरी वाजली. बाहेर पळावं तर साहेब, आत राहावं तर हे. मी डोळे मिटले आणि आता आठवलं की हसू येतं, पण मी खोकत राहिले.

पायाला ओलं नाक लागलं. एक पिवळं, कानफाटं कुत्रं होतं, तोंडात बायकी चप्पल. माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून ते मागच्या दाराने निघालं, तारेखालून सरपटलं आणि सरळ सुरुंगांच्या पट्ट्यात शिरलं. मी मागच्या दारापाशी जाऊन बघत राहिले. गवतात एक बारीक पायवाट होती, तिच्यावरून वळत वळत ते पलीकडे गेलं आणि त्या गल्लीत दिसेनासं झालं.

बाहेर साहेब मामीला विचारत होता, "मुलं दिसत नाहीत?"

"शाळेत."

"शाळा कुठे आहे?"

"लांब आहे. म्हणून तर उशीर होतो."

साहेब तरुण होता, उन्हाने लाल झालेला. त्याने हात वर करून दोरीवरचा एक लहान शर्ट चाचपला. शर्ट ओला होता. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग टोपी नीट करून निघून गेला. त्याला कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता यायचं नाही. गल्ली वाचली एवढं खरं.

कुत्र्याचं सांगितलं तर मामी हसली. "त्याची दोन घरं आहेत. इकडच्या चपला तिकडे नेतं, तिकडचे बूट इकडे आणतं. मी तेच दारांत ठेवते, तेवढीच नवी पायताणं." तिच्या दारात खरंच एक पुरुषी बूट होता, काळा, पॉलिश केलेला, एकच. "तिच्या नवऱ्याचा असेल बिचारीच्या," मामी म्हणाली.

परत आल्यावर मी लेख लिहिला तो मिटणाऱ्या दुर्बिणीवर आणि पाटीबरोबरच्या फोटोंवर. लोक हसले. गल्लीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर गल्ली गेली असती. बहीण म्हणाली, या वेळी तू काहीतरी पोटात ठेवलंयस. मी तिला जुलाबाच्या गोळ्या परत दिल्या.

पुढच्या वर्षी मी परत गेले. या खेपेला लिहायला नाही, मामीला भेटायला. तिच्यासाठी चिमट्यांची मोठी पिशवी घेतली होती. बिनधास्त म्हणाला, बरेच आठवडे परवाने बंद होते, आजच सुरू झालेत. शिधा पोचला नव्हता, पण काळजी नको. "रोज मनोऱ्यावरून बघतो ना मी. कपडे रोज बदलतात. मामी बिनधास्त आहे."

जाता जाता मी मनोऱ्यावर चढले आणि नाणं टाकलं. गल्ली भरलेली होती. शर्ट होते, दुपटी होती. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग दुर्बीण मिटायच्या आत मला दिसलं. अलीकडच्या गल्लीतले सगळे शर्ट खांद्यांवर टांगलेले होते. बाह्या खाली लोंबत, आमच्याकडे तोंड करून.

खाली येऊन मी नुसती गाडीत बसले. चौकी ओलांडली, गाडी लावली, बटाटे घेतले. गल्ली तशीच. दारांत चपला, उंबऱ्यावर कप. रेडिओ चालू होता. बिनधास्तने "मामी!" म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही. आणि मग मधल्या घराच्या वरच्या खिडकीतून भांडण ऐकू आलं.

"बास! या घरात आजपासून माझा शब्द चालेल!" पुरुषाचा आवाज, खणखणीत.

"बरं," बाईचा आवाज. बारीक, चिरका, ओढून काढलेला.

या वेळी नवरा जिंकत होता.

बटाट्यांची पिशवी पडली. बिनधास्त गुडघा विसरून गाडीकडे धावत सुटला. मी धावले नाही. बटाटे उतारावरून घरंगळत गेले आणि एकेका दारातल्या चपलांना अडून थांबले. जिन्यावर पावलं वाजली. दारातून एक उंच, वाकलेला म्हातारा बाहेर आला. कमरेला मामीच्या चाव्यांचा जुडगा, तोंडात दोन चिमटे, एका पायात काळा बूट आणि दुसऱ्यात बायकी चप्पल. मागून पिवळं कुत्रं आलं.

त्याने चिमटे काढले. "तुम्ही तिच्या कोण?" त्याने मला विचारलं.

"भाची," मी म्हणाले. ते खोटं आहे असं मला वाटलंच नाही.

तो पलीकडचा होता. तिकडच्या गल्लीत तोही एकटाच उरला होता, सिनेमाच्या दारावर तिकिटं फाडणारा माणूस. त्यानेही चाव्या घेतल्या होत्या. मामीला वाटायची ती बाई म्हणजे हाच. बिनधास्तला मी हाका मारून आणलं, मग म्हाताऱ्याने ओट्यावर बसून आम्हाला सांगितलं. थंडी सरताना पाऊस झाला होता. अलीकडचे कपडे कुणी आत घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ते भिजतच होते.

"ही बाई असं करणारी नव्हती," तो म्हणाला. "ढग दिसला की आधी ती आत घ्यायची, तिचं बघून मी घ्यायचो. मला जवळचं दिसत नाही, ढगही ओळखू येत नाही, लांबचे कपडे तेवढे दिसतात. तिच्या दोऱ्या रिकाम्या झाल्या की मी उठायचो. त्या दिवशी तिचे भिजले म्हणून माझेही भिजले. कुत्रं आलं आणि खाईना. तारेकडे जाऊन माझ्याकडे बघायला लागलं."

"तुम्ही पट्ट्यातून आलात?" बिनधास्तने विचारलं.

"त्याने जिथे पाय ठेवला तिथे ठेवला. भीतीने अर्धा झालो. गवतात वाकून चाललं की मनोऱ्यावरून दिसत नाही. आता सवय झालीय, सकाळी तिकडचं करतो, दुपारी इकडचं. ते भांडण मला तिकडे ऐकू यायचं, तेही चालू ठेवलंय."

मामी त्याला मशीनपाशी खुर्चीत बसलेली सापडली. मांडीवर पोराचा शर्ट, सुई ओवलेली. तिच्या घरामागे, जिथे तिची दोरी बांधलेली होती, तिथली माती मऊ होती. तिथे त्याने तिला पुरलं. आम्ही तिघं तिथे जाऊन उभे राहिलो. बिनधास्त लहान मुलासारखा रडला. मलाही रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

निघताना म्हाताऱ्याने जरा घुटमळून विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणायची का ती?"

मी खोटं बोलू शकले असते. "म्हणायची, अक्कल नाही, पण चिकाटी आहे," मी सांगितलं. "शर्ट खांद्यावर टांगू नये म्हणायची. खुणा पडतात."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "आणि मी म्हणायचो, तिकडची माणसं सगळं उलटं करतात! शर्टसुद्धा उलटे!" मग डोळे पुसून त्याने समोरच्या दोरीवरचा शर्ट काढला, चाचपडत त्याची खालची कड शोधली आणि उलटा टांगला.

मी आणलेली चिमट्यांची पिशवी त्याला दिली. दोन गल्ल्यांना पुरतील इतके होते.

त्यानंतर काही वर्षांनी करार झाला. सुरुंग काढले, तारा गुंडाळल्या, आणि दोन्हीकडची माणसं परत आली. बिनधास्तने कळवलं म्हणून मीही गेले. आता सगळं उघड आहे, म्हणून हे लिहिते आहे. म्हाताऱ्याने ओट्यावर बसून ज्याची त्याची चावी दिली. कोपऱ्यावरच्या घरातले आजोबाही आले, दम्यासकट ठणठणीत. त्यांचा तेरावा झालाय हे बिनधास्तने त्यांना सांगितलं नाही.

चौथ्या घरातली बाई आली तीच मुळी भीत भीत. नऊ वर्षांनी आपल्या दोरीवर ओले कपडे बघून तिने मुलाचा हात धरला. मुलगा ताडमाड वाढला होता, ओठांवर मिसरूड. तिने दोरीवरचा शर्ट काढला, जो मामीच्या मांडीवर सापडला होता आणि नंतर म्हाताऱ्याने कशीबशी बटणं लावून पुरा केला होता. तिने तो मुलाच्या पाठीला लावला. खांदे बरोबर बसले. बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. मामीच्या हिशेबापेक्षा पोरगा जास्त वाढला होता.

"राहू दे आई, आखूड होतो," मुलगा लाजून म्हणाला.

बाईने बाही उलटी केली आणि नखाने शिवण चाचपली. मग तिथेच खाली बसली. आत चार बोटं कापड दुमडून सोडलेलं होतं.